सोलापूर, पूर्व भाग: गळक्या स्लॅबचं आणि पावसाळी पाण्याचं काम – प्रकल्प नोंदी

१२ मार्च – पाहणी

तळमजल्याचं एकच घर, साडेचार इंची आरसीसी स्लॅब, त्यावर जुना वीटतुकड्यांचा कोबा. कठड्याच्या आतून माप २८ × ३२ फूट. मागे २८ × १० फुटांची पत्र्याची शेड. अख्ख्या गच्चीला पाणी जायला नैऋत्य कोपऱ्यात एकच तीन इंची पाइप.

तक्रार अशी की हॉलच्या मधोमध पंख्याच्या हुकाभोवती दर पावसाळ्यात ओल येते आणि पोपडे पडतात. मालकांनी दोनदा त्याच जागेच्या वर, गच्चीवर, पांढरं केमिकल मारून घेतलं होतं. फरक शून्य.

गच्चीवर झाडू मारला तर चित्र स्पष्ट झालं. पाण्याची टाकी ठेवायला विटांचा सलग ओटा बांधलाय, तो पाइपापासून तीन फुटांवर, पाणी वाहायच्या वाटेत आडवा. ओट्यामागे मातीचा काळा थर आणि शेवाळाची वाळलेली पापडी, म्हणजे तिथे पाणी आठवडा-आठवडा उभं राहत होतं. पाइपाचं तोंडही कोब्यापेक्षा अर्धा इंच वर. शेवटचं अर्धा इंच पाणी बाहेर जाणारच नाही, ते पाइपाच्या कडेने खाली जिरणार.

खात्रीसाठी पाइपाचं तोंड बंद करून भोवती मातीचं आळं केलं, दोन बादल्या पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओतली. संध्याकाळी पंख्याच्या हुकाजवळच्या वायरिंगच्या डबीतून निळसर थेंब. शिरकाव नैऋत्य कोपऱ्यात आणि गळती तिथून चौदा फुटांवर! पाणी पाइपाच्या कडेने स्लॅबमध्ये उतरतं, तिथे त्याला वायरिंगची नळी सापडते आणि नळीतून ते थेट पंख्याच्या डबीत. हॉलच्या वर केमिकल मारून काही होणार नव्हतं, ते यासाठी.

१४ मार्च – हिशेब

क्षेत्र ८९६ चौरस फूट, म्हणजे ८३ चौ.मी. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. सोलापुरात पाऊस वर्षाला कमीच, जिल्ह्याची सरासरी साधारण ५५० मिमी, पण पडतो तो एकदम. वळवात आणि सप्टेंबरात तासभर बदाबदा कोसळतो. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने जिल्हा कसा झोडपला ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पाइपाचा हिशेब वर्षाच्या सरासरीवर करायचा नसतो, तासाच्या जोरावर करायचा असतो. ताशी १०० मिमी धरले.

राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या तक्त्यानुसार या जोराला ७५ मिमी पाइप २०.४ चौ.मी. छत सांभाळतो आणि १०० मिमी पाइप ४२.७ चौ.मी. जुना तीन इंची पाइप म्हणजे गच्चीच्या पाव भागापुरता. आता दोन पाइप, दोन्ही चार इंची. गच्चीचे उत्तर-दक्षिण दोन भाग, प्रत्येकी १६ × २८ फूट म्हणजे ४१.६ चौ.मी. काठावर बसतं, पण बसतं. शिवाय कठड्यात जादा पाण्याची वेगळी तोंडं ठेवणार आहोतच.

मालकांचा प्रश्न: जुना कोबा राहू दे, त्यावरच नवा टाकला तर? नाही. शंभर मिमी कोब्याचं वजन चौ.मी.ला दोनशे किलोच्या आसपास, अख्ख्या गच्चीवर सोळा-सतरा टन. साडेचार इंची स्लॅबवर असे दोन थर चढवायचे नाहीत. आणि जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी नव्या थराखाली कोंडून राहील ते वेगळंच.

१८ ते २१ मार्च – तोडकाम

आधी हातोडीने ठोकून पाहिलं. पश्चिमेकडचा जवळजवळ सगळा भाग बद्द वाजतो. पूर्वेकडे घट्ट आहे, पण ढाळच चुकीच्या दिशेला असल्यामुळे तो ठेवण्यात अर्थ नाही.

इलेक्ट्रिक ब्रेकर चढवू दिला नाही. कोबा आणि स्लॅब यांच्यातला फरक ब्रेकर चालवणाऱ्याला हाताला कळत नाही, आणि हादऱ्याने पातळ स्लॅबला केसासारख्या भेगा पडतात. छिन्नी-हातोडा आणि पहार. डबर गच्चीच्या मधोमध रचायचं नाही, निघेल तसं घमेल्याने कडेला आणि तिथून खाली. एकूण चार ट्रॉल्या निघाल्या.

टाकीचा ओटा काढला. नवी जागा पूर्वेकडच्या बीमवर: चार वेगळे पाय, त्यावर शहाबादी फरशी. हजार लिटरची टाकी म्हणजे टनभर वजन, ते बीमवरच हवं. पायांमधून पाणी मोकळं वाहिलं पाहिजे.

२३ मार्च – उघडा स्लॅब

तारेच्या ब्रशने घासून, पाणी मारून पाहिलं. सुकताना भेगा उठून दिसतात: सगळा स्लॅब कोरडा होतो, भेगेची रेघ ओली राहते. मोठ्या तीन सापडल्या. प्रत्येक भेग व्ही आकारात बोटभर रुंद-खोल कापून, धूळ फुंकून, पॉलिमर मिसळलेला माल दाबून भरला. जुन्या पाइपाभोवती एके ठिकाणी सळई उघडी पडून गंजली होती. गंज खरवडला, गंजरोधक लावलं, मग बाँडिंगचा हात (जुनं-नवं जोडणारा लेप) आणि पॉलिमर माल. नुसतं सिमेंट थापलं असतं तर दोन वर्षांत फुगून पडलं असतं, कारण गंज जागा मागतो.

२५ मार्च – खुर्रे

या कामात जीव कुठे आहे तर खुर्र्यात. खुर्रा म्हणजे पाइपाच्या तोंडाभोवतीची पसरट, खोलगट जागा. आकार ४५० × ४५० मिमी, काँक्रीट १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी), सरासरी ५० मिमी जाड. दोन्ही खुर्रे पश्चिम भिंतीला, कोपऱ्यापासून दोन फूट सोडून. नेमक्या कोपऱ्यात कॉलम-बीमच्या सळया एकमेकांत गुंतलेल्या असतात, तिथे भोक पाडायचं नाही.

पीव्हीसी पाइप गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. बहुतेक घरांत पाइपाच्या कडेने गळती होते ती यामुळे. भोकातून जाणारा तुकडा सँडपेपरने घासला, वरून सॉल्व्हेंट (पीव्हीसी चिकटवायचा द्रव) लावला आणि ओला असतानाच त्यावर चाळलेली जाड वाळू भुरभुरवली. वाळल्यावर पाइपाला खरबरीत कातडं येतं, माल त्याला धरून बसतो. भोक पाइपापेक्षा सव्वा-दीड इंच मोठं केलं, म्हणजे न आकसणारा ग्राउट (फटीत ओतायचा पातळ माल) चारी बाजूंनी नीट उतरतो. तंतोतंत भोकात पाइप ठोकून बसवला की ग्राउटला जागाच उरत नाही.

पाइपाचं तोंड खुर्र्याच्या तळाला सपाट ठेवायचं, वर आलेलं चालणार नाही. आणि खुर्र्याची कड भोवतीच्या कोब्यापेक्षा खाली. मिस्त्रींनी पाइप सवयीने थोडा वर ठेवला होता, "कचरा जाऊ नये म्हणून". कचऱ्यासाठी जाळी आहे. पाइप कापून सपाट केला.

जाळी घुमटाच्या आकाराची. सपाट जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी पडली की सगळं बंद. घुमटाची खालची कड चोंदली तरी वरून पाणी जातं.

२८ मार्च – ढाळ

लेव्हल पाइप घेऊन कठड्यावर चारी बाजूंनी एकच समपातळी रेघ मारली. ढाळ १:१००. प्रत्येक भागाचा सर्वांत लांबचा कोपरा खुर्र्यापासून ३१ फूट, म्हणजे सुमारे ९४ मिमी उतार. खुर्र्यापाशी ५० मिमी, पूर्व कडेला जास्तीत जास्त १४५ मिमी, सरासरी शंभराच्या आसपास. दर पाच फुटांवर मालाचे ठिये (पातळीच्या खुणा) बसवून दोऱ्या ताणल्या. मधली पाठ (दोन्ही भागांचा उतार सुरू होतो ती उंच रेघ) पूर्व-पश्चिम, बरोबर १६ फुटांवर.

जिन्याच्या खोलीचा दरवाजा पूर्वेला असल्याने कोबा तिथेच सर्वांत जाड येतो. जुना उंबरा ठेवला असता तर गच्चीच्या पातळीला आला असता आणि पाणी जिन्यात शिरलं असतं. उंबरा कोब्यापेक्षा चार इंच वर राहील असा उचलला आणि शहाबादी बसवली. दरवाजा खालून कापावा लागला.

३१ मार्च ते ४ एप्रिल – कोबा

साहित्य: सिमेंट ४२ पिशव्या, वाळू २ ब्रास (२०० घनफूट), विटांचे तुकडे पावणेदोन ट्रॉल्या. तुकडे पक्क्या भाजलेल्या विटांचे. कच्ची वीट पाणी पिऊन भुगा होते. तुकडे टोपल्यात भरून पाण्यात बुडवले आणि बुडबुडे थांबले तेव्हा काढले. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, मग सांधे भुसभुशीत राहतात.

क्रम: स्लॅब ओला करून सिमेंटची स्लरी ब्रशने. ती ओली असतानाच १:४ (सिमेंट:वाळू) मालाचा २० मिमी थर, पिशवीमागे २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव (डब्यावर लिहिलंय तेवढंच, जास्त घातल्याने जास्त वॉटरप्रूफ होत नाही). त्यावर तुकडे दोरीला धरून उभे, दोन तुकड्यांत बोटाएवढी फट, फटींत माल पूर्ण भरलेला. दोन दिवस पाणी मारून वरचा २० मिमी थर, निरू (गुळगुळीत करणारा बारीक लेप) फिरवून दोरीने फूट-फूट चौकडी. चौकड्या शोभेसाठी समजल्या जातात. खरं तर आकसण्याच्या भेगा त्या रेघांत पडाव्यात आणि वेड्यावाकड्या फुटू नयेत, म्हणून त्या.

कठड्याला वाटा: कोबा आणि भिंत यांच्या काटकोनात गोलाई, आणि वॉटरप्रूफ माल भिंतीवर फूटभर वर चढवलेला. कठडा आणि स्लॅब तापताना वेगवेगळे हलतात, कोपऱ्यात पहिली भेग पडते ती इथे. वाटा कोब्याबरोबरच ओढायचा. दुसऱ्या दिवशी ओढला की दोघांत जोड राहतो.

काम सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी साडेचारनंतर. दुपारी स्लॅबवर पाय ठेववत नाही, मालाचं पाणी उडून वरची कातडी तडकते.

५ ते १५ एप्रिल – क्युरिंग

नळाला पाणी काही दिवसांआड. गच्चीभर पाणी साठवून ठेवणं इथे परवडत नाही. गोणपाट अंथरून दिवसातून चारदा ओलं, रात्री वर प्लास्टिक. खुर्र्यांत मात्र आळी करून सतत पाणी.

१६ ते २० एप्रिल – पाणी साठवून चाचणी

अख्खी गच्ची पन्नास मिमी भरायला चार हजार लिटर लागले असते. ढाळ असल्याने सखल भागच महत्त्वाचा, म्हणून प्रत्येक खुर्र्याभोवती गिलाव्याच्या मालाचा तात्पुरता बांध घातला, पाइपात प्लग, आणि ४८ तास पाणी. आधी उत्तरेकडे, मग तेच पाणी पंपाने दक्षिणेकडे.

पातळी पेन्सिलने कठड्यावर नोंदली. दुसऱ्या दिवशी सेंटिमीटरभर उतरलेली पाहून मालक घाबरले. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात तेवढं पाणी नुसतं उडून जातं. शेजारी उभ्या कडांच्या पसरट टबात पाणी भरून ठेवलं होतं, त्यातही तेवढीच घट. टबापेक्षा बांधातलं पाणी जास्त उतरलं तरच गळती. खालून छताला हात लावून, पंख्याची डबी उघडून पाहिली: कोरडी.

२२ एप्रिल – कठडा आणि छज्जे

कठड्याचा माथा उघडा, गिलाव्याला बारीक भेगा. वर शहाबादीचं कोपिंग (माथा झाकणारी फरशी), दोन्ही बाजूंना दीड इंच बाहेर, खाली ग्राइंडरने पाणखाच (पाणी मागे न जाता तिथेच ठिबकावं म्हणून खाच) कापलेली, उतार गच्चीच्या आत. बाहेर उतार दिला की दर्शनी भिंतीवर काळे ओघळ येतात. शहाबादी घेताना नाण्याने वाजवून घ्यायची. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजणारीचे पापुद्रे सुटतात.

छज्ज्यांखाली पाणखाच नव्हतीच. पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे येत होतं आणि खिडकीच्या डोक्यावर ओल. बारा मिमीची खाच कापली, भिंतीपासून दोन इंच आधी थांबवली. भिंतीपर्यंत नेली तर तीच खाच पाणी भिंतीत सोडते.

जादा पाण्यासाठी प्रत्येक खुर्र्याजवळ कठड्यात दोन इंची तोंड, खुर्र्याच्या तळापासून ५० मिमी वर, बाहेर सहा इंच काढलेलं. मुद्दाम दिसेल अशा जागी, जाण्या-येण्याच्या वाटेवर. तिथून धार पडली म्हणजे जाळी चोंदली हे घरातल्यांना सांगावं लागत नाही.

२६ एप्रिल – उभे पाइप

११० मिमी एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचे-पावसाळी पाण्याचे पीव्हीसी पाइप), रबर रिंगचे, पावसाळी पाण्याचा टाइप ए. रिंगच्या जोडात पाइप पूर्ण आत ढकलून मग १० मिमी मागे ओढायचा. तीन मीटरचा पीव्हीसी पाइप पहाट ते दुपार पाच-सहा मिमी लांबतो. जागा नसेल तर क्लॅम्प उपटतो. क्लॅम्प दीड मीटरवर, भिंतीपासून इंचभर लांब. वळणाला ९० अंशाचा एल्बो न घालता ४५ चे दोन बेंड. तळाशी झाकण उघडता येणारा डोअर बेंड. उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतो म्हणून बाहेरून ऑइलपेंट.

पावसाळी पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडायचे नाहीत. जुना जोडलेला होता. मोठ्या पावसात लाइन भरते आणि मैला न्हाणीच्या जाळीतून घरात उलटा येतो.

५ मे – शेड आणि पन्हळ

पत्रा बरा आहे, स्क्रू नाहीत. निम्मे स्क्रू पत्र्याच्या खोलगट भागात मारलेले, म्हणजे थेट पाणी वाहतं तिथेच. जुनी भोकं पॅच लावून बंद, नवे स्क्रू उंचवट्यावर, रबर वॉशरसह. वॉशर किंचित फुगेल इतकंच आवळायचं. फार आवळला की तो चिरतो. उभ्या दिशेचा ओव्हरलॅप १५० मिमी. घराच्या भिंतीला लागून पत्र्याची पट्टी भिंतीत खाच कापून आत घातली, नुसती सिलिकॉनने चिकटवलेली पट्टी एक उन्हाळा काढते.

शेड २६ चौ.मी., म्हणजे पुन्हा चार इंची पाइपच लागतो. पन्हळीला उतार १:२००, ब्रॅकेट दोन फुटांवर, पत्रा पन्हळीत दोन इंच आत. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली ठेवली, म्हणजे भरून वाहिली तर पाणी अंगणात पडेल, भिंतीवर नाही.

शेजारी यंत्रमागाचा कारखाना आहे. जुन्या पन्हळीतून काढलेला गोळा बघण्यासारखा होता: सुताचे तंतू, धूळ आणि कडुनिंबाची पानं मिळून नमद्यासारखी जाड, राखाडी गादी, हाताने फाडताही येईना. या भागात जाळी पावसाळ्याआधी एकदा साफ करून भागत नाही. दर पंधरवड्याला हात घालावा लागेल. शेडचं पाणी याच कारणाने हौदात घेतलं नाही, बागेकडे सोडलं.

१२ ते १६ मे – हौद आणि शोषखड्डा

गच्चीवरून वर्षाला ८३ × ५५० × ०.८५, म्हणजे साधारण पावणेएकोणचाळीस हजार लिटर. नळाला पाणी रोज येत नाही अशा गावात हे गटारात सोडणं परवडणारं नाही.

उत्तर भागाचं पाणी जुन्या हौदात: ८ × ६ × ५ फूट, ६,८०० लिटर. साधारण १९० मिमी पावसात भरतो. हौदाआधी पहिल्या पावसाचं घाण पाणी अडवायला १६० मिमी पाइपाचा सव्वादोन मीटर उभा तुकडा, खाली झाकण. त्यात चाळीसेक लिटर बसतात, म्हणजे छतावरचा पहिला एक मिमी. तो भरला की पुढचं पाणी टी आकाराच्या जोडातून हौदाकडे वळतं. झाकणाला तीन मिमीचं भोक, म्हणजे पाऊस थांबल्यावर तो आपोआप रिकामा होतो. भोक नसेल तर पुढच्या पावसाला तो भरलेलाच सापडतो.

दक्षिण भाग आणि हौदाचं जादा पाणी शोषखड्ड्यात. ४ × ४ × ६ फूट, पायापासून दहा फूट लांब. खोदताना पावणेतीन फुटांपर्यंत काळी माती, खाली मुरूम. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, माती फुगते आणि पाया हलवते, म्हणून वरचा भाग पक्क्या विटांत सिमेंटमध्ये बांधला, मुरमातला भाग जाळीदार, सांधे मोकळे. तळाला दोन फूट मोठे दगड, त्यावर दीड फूट खडी, त्यावर नायलॉनची जाळी, वर फूटभर जाड वाळू. जाळी विसरली की वाळू खडीत उतरते आणि दोन वर्षांत खड्डा घट्ट होतो. आधी गाळ बसायला छोटं चेंबर.

घराभोवती तीन फूट शहाबादीचा पदपथ, उतार घरापासून बाहेर १:५०. कडेची काळी माती पाण्याने भिजत-सुकत राहिली की जोत्याला तिरप्या भेगा येतात; याही घराला आग्नेय कोपऱ्यात आहे. तिच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. पट्टी तडकली तर भेग चालू आहे असं समजायचं.

३ जून – पहिला वळीव

अर्ध्या तासात डब्यात २२ मिमी, म्हणजे गच्चीवर अठराशे लिटरहून जास्त. दोन्ही पाइप निम्मेही भरले नाहीत. गच्ची वीस मिनिटांत निथळली. एकाच ठिकाणी, ईशान्येला टाकीच्या पायाशी, ताटलीएवढं पाणी तीन मिमी खोल राहिलं. ते उन्हात तासात सुकतं, सोडून दिलं. शेडच्या पन्हळीचा एक ब्रॅकेट वाऱ्याने वाकला, तिथे ब्रॅकेट फुटावर घेतले.

२४ सप्टेंबर – तपासणी

परतीच्या पावसाआधी सगळं पुन्हा पाहिलं. पंख्याची डबी कोरडी. कठड्याच्या वाट्यावर दक्षिणेला दोन फूट लांब केसभर भेग. ब्रशने पॉलिमर-सिमेंटचे दोन हात. शोषखड्ड्याच्या वरच्या वाळूवर अर्धा इंच गाळ, तो खरवडून काढला. काचेची पट्टी शाबूत. दक्षिण खुर्र्याची जाळी तंतूंनी निम्मी भरलेली होती आणि जादा पाण्याच्या तोंडातून ऑगस्टअखेर एकदा धार पडली होती, तेव्हा घरातल्यांनीच वर जाऊन जाळी साफ केली. बाकी काम: स्वयंपाकघरावरच्या छज्ज्याचा भिंतीकडचा वाटा, आणि कोब्यावर चुन्याचा पांढरा हात. हा हात मार्चमध्ये, ऊन चढायच्या आत.